वारसाची सही

पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे वळलं की एक लांबलचक खोली लागायची. कागदावर तिला दीड ओळीचं नाव होतं, पण लोक तिला ‘घरवालं ऑफिस’ म्हणत. हातावर पोट असलेल्यांना पहिलं घर घ्यायला कमी व्याजाचं कर्ज, मोडक्या घराच्या दुरुस्तीला मदत आणि कुणाची नोकरी गेली, कुणी अंथरुणाला खिळलं तर सहा महिन्यांचं भाडं, ही तिन्ही कामं त्याच एका खोलीतून चालायची. तिथल्या प्रमुखाच्या खुर्चीत एकवीस वर्षं एकच बाई बसत होत्या. साहजिकच त्या झाल्या ‘घरवाल्या बाई’. घरच्या फोनवर कुणी विचारलं, “घरवाल्या बाई आहेत का?” की त्यांचे यजमान शांतपणे सांगायचे, “आहेत, पण घरात कमी असतात.”

यजमान गाडी चालवायला शिकवायचे. पस्तीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्यांच्या उजव्या पायाला अशी सवय लागली होती, की घरात कुणी घाईनं बोलायला लागलं तरी तो आपोआप ब्रेक दाबायचा. बाई ऑफिसातून आल्या, की ते त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघायचे आणि गॅसवर चहाचं आधण ठेवायचे. विचारायचे काही नाहीत. मुलगी दुसऱ्या शहरात नर्स होती. ती मात्र फोनवर हटकून विचारायची, “आई, पाय सुजतात का अजून? रिटायर व्हायला राहिलेत किती, अकरा महिने ना? आत्ताच सोड की. तू गेलीस म्हणून काय ऑफिस बंद पडणारे?”

“बंद पडत नाही म्हणून तर जाता येत नाही,” बाई म्हणायच्या. याचा अर्थ त्यांनाही नीट सांगता आला नसता. त्या दमल्या होत्या, एवढं खरं.

दमणंही एका दिवसाचं नव्हतं. चोविसाव्या वर्षी टंकलेखक म्हणून त्या इथे लागल्या, तेव्हा दिवसाला पाच-सहा अर्ज यायचे आणि प्रत्येक माणसाला बसायला खुर्ची मिळायची. आता सकाळी नऊला दार उघडायच्या आत रांग जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर उतरलेली असे. दरवर्षी दुरुस्तीची मदत पंचावन्न घरांना, अर्ज नऊशे. उरलेल्या आठशे पंचेचाळीस जणांना नाही म्हणायचं काम बाईंचं. नाही म्हणण्याच्या त्यांच्या काही रीती होत्या. रडणाऱ्याला आधी पाणी द्यायचं. ओरडणाऱ्याला ओरडून होऊ द्यायचं. ओळख काढणाऱ्याला ओळख आठवतेय असं दाखवायचं आणि अर्ज पुन्हा रांगेतच ठेवायचा. पण यातलं एकही काही न बोलता समोर बसून राहणाऱ्या माणसावर चालत नसे, आणि तसा एक माणूस दर मंगळवारी यायचा.

तो म्हातारा एका मोठ्या इस्पितळात लिफ्टमन होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, काटक. खाकी शर्ट नोकरी सुटल्यावरही सोडला नव्हता. शहराच्या जुन्या भागात एका बोळाच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, त्यात एकटाच राहायचा. पत्रे सडलेले, मागच्या भिंतीला पोट आलेलं. तीन वर्षांपूर्वी त्यानं दुरुस्तीच्या मदतीसाठी अर्ज केला होता आणि पहिल्याच टप्प्यात तो अडला होता. घर त्याच्या मोठ्या भावाच्या नावावर. भाऊ जाऊन अकरा वर्षं झालेली. भावाला एक मुलगी, तीच एकटी वारस. ती सही करेल तर घर लिफ्टमनच्या नावावर होणार, आणि नावावर झालं तरच मदत.

“तिचा पत्ता द्या,” बाईंनी त्याला पहिल्या मंगळवारी सांगितलं होतं. “पत्र आम्ही पाठवतो.”

“पत्ता नाही.”

“फोन?”

“नाही.”

“पुतणी आहे ना तुमची?”

“होती,” म्हातारा म्हणाला.

तेव्हापासून दर मंगळवारी तो यायचा, बाकावर तासभर बसायचा, आपला नंबर आला की विचारायचा, “बाईसाहेब, काही झालं का?” सही नाही तर काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. लांब्या म्हणून एक उंच कारकून होता. तो एकदा वैतागून म्हणाला, “आजोबा, इथे येऊन बसलात म्हणून ती सही आपल्या पायांनी चालत येणारे का?” म्हातारा म्हणाला, “इथे गार असतं.” बाईंना हसू आलं, पण हसण्याइतकंही अंगात त्राण नव्हतं.

मग एका दुपारी त्याच्या घराची मागची भिंत बसली.

म्हातारा पुढच्या खोलीत होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी पालिकेचा इंजिनिअर जाऊन आला आणि त्यानं लाल शाईत शेरा मारला: राहण्यास धोकादायक. वरच्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. साहेब वयानं बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट लवकर संपवायची असे.

“तीन आठवड्यांत काम सुरू झालं नाही, तर घराला सील लावायचं,” ते म्हणाले. “माणसाला निवाऱ्याच्या हॉलमध्ये हलवा.”

“साहेब, त्या हॉलमध्ये साठ खाटा आहेत आणि दोन संडास.”

“मग काम सुरू करा.”

“सही नाही.”

“मग सील.” साहेबांनी हात पसरले. “भिंत अंगावर पडली तर पेपरात तुमचं-माझं नाव येईल. तुम्हीच सांगा, दुसरं काय करू?”

बाईंना दुसरं काही सांगता येईना. त्या जागेवर आल्या आणि लांब्याला म्हणाल्या, “एरवी वारस शोधणं अर्जदाराचं काम, पण सील करायचं तर वारसाला नोटीस आपल्यालाच काढावी लागेल. त्या पुतणीचं नाव घालून बघ, कुठे सापडते का.”

लांब्यानं कॉम्प्युटरवर नाव घातलं. थोडा वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग उठून बाईंच्या टेबलाजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, सापडली. आपल्याकडेच आहे.”

“आपल्याकडे म्हणजे?”

“नऊ वर्षांपूर्वी पहिल्या घरासाठी कर्ज मागितलं होतं तिनं. नामंजूर झालंय.”

जुनी फाइल तळघरातून वर यायला दोन दिवस लागले. बाईंनी ती उघडली. पगाराच्या पावत्या ठीक, जामीनदार ठीक, घर पसंत केलेलं, आगाऊ रक्कमही भरलेली. अर्ज सगळा कसा नेटका, सुवाच्य. आणि शेवटच्या पानावर शेरा: ‘अर्जदाराच्या नावे वारसाहक्काने घर असल्याने अर्जदार प्रथम घरखरेदीदार ठरत नाही. नामंजूर.’ खाली सही. सही बाईंची होती.

नियम तसाच होता. आधीपासून घर असलेल्याला पहिल्या घराचं कर्ज नाही. आणि वडील गेल्यावर ते दोन खोल्यांचं मोडकं घर कायद्यानं या मुलीचं झालं होतं. बाईंनी खूप आठवून पाहिलं. तिचा चेहरा, आवाज, समोर बसून काही बोलली होती का? काहीच आठवेना. त्या वर्षी त्यांनी चारशेच्या वर नकारांवर सह्या केल्या होत्या. त्यांनी फाइल मिटली. लांब्यानं दोनदा विचारलं, “नोटीस टाइप करू?” तेव्हा म्हणाल्या, “नको. मी जाऊन येते.”

“तुम्ही?”

“उद्या रजा टाकते. ऑफिसचं काम म्हणून गेले तर शिपाई बरोबर द्याल, आणि शिपाई बघून ती दारच उघडायची नाही.”

फाइलीतल्या पत्त्यावर पुतणी राहत नव्हती, पण खालच्या दुकानदारानं सांगितलं की तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याचं दुकान काढलंय. दोन बस बदलून बाई तिथे पोचल्या, तेव्हा पायांचे नुसते ओंडके झाले होते. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना आरसे. आत एक चाळिशी उलटलेली बाई एका शाळकरी मुलीच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. बाई स्टुलावर टेकल्या. मुलगी आणि तिची आई गेल्यावर ती वळली, बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही विचारायच्या आत हात पुढे केला.

“द्या इकडे. डावी काडी वाकलीय. किती दिवस असाच घालताय?”

बाईंनी चष्मा दिला. तिनं काडी गरम करून सरळ केली, काचा पुसल्या, चष्मा परत बाईंच्या डोळ्यांवर ठेवला आणि कानामागे बोट घालून नीट बसवला. “आता बघा.” मग म्हणाली, “याचे काही नाहीत. बोला, काय हवं होतं?”

बाईंनी आपण कोण ते सांगितलं.

तिनं हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं. मग ती म्हणाली, “तुमची सही ओळखते मी. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढता.”

“हो.”

“मी आठवते तुम्हाला?”

खोटं बोलणं सोपं होतं. एरवी ओळख काढणाऱ्यांशी बाई रोजच तसं बोलत. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून खरंच निघालं. “नाही. परवा फाइल बघितली तेव्हा कळलं.”

ती थोडी हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. “मला तर तुमच्या टेबलावरचं कॅलेंडरसुद्धा आठवतंय. दुसऱ्या मजल्यावरची खोली बघून ठेवली होती मी. खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. आगाऊ भरलेले पैसे बुडाले. ते जाऊ दे. पण तुम्ही लिहिलंत, माझ्या नावावर घर आहे. मॅडम, मला त्या घराच्या दारात उभं राहायची सोय नव्हती.”

“का?”

“काकांना विचारा.”

“ते सांगत नाहीत.”

मग तिनंच सांगितलं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती दुसऱ्या गावात नोकरीला होती. ती सोडून आली असती तर दोघांनी खायचं काय? म्हणून ती दर महिन्याला पैसे पाठवायची आणि काका वडिलांना बघायचे. सात वर्षं. वडील गेल्याचं तिला उशिरा कळवलं. धावतपळत पोचली, तर चार नातेवाइकांदेखत काका म्हणाले, “आता कशाला आलीस?” ती दारातूनच मागे फिरली, ती कायमची.

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी आपलं काम सांगितलं. भिंत, सील, साठ खाटांचा हॉल. सांगताना त्यांना स्वतःचाच आवाज खिडकीवरच्या कारकुनासारखा वाटायला लागला.

“म्हणजे मी सही करून घर त्यांना देऊन टाकायचं,” पुतणी म्हणाली.

“तो एक मार्ग. मग तुमच्या नावावर घर राहणार नाही, पण घर देऊन टाकणाऱ्याला पाच वर्षं कर्ज मागता येत नाही.”

“पाच वर्षांनी मी पन्नाशीला टेकेन. तुमच्याकडे वयाची अट काय?”

“पंचेचाळीस,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. “दुसरा मार्ग आहे. नियमात एक कलम आहे, फारसं कुणी वापरत नाही. मालकाचा जवळचा नातेवाईक साठीच्या पुढचा असेल आणि तो घरात राहत असेल, तर दुसरीकडे राहणाऱ्या मालकालाही दुरुस्तीची मदत मिळते. घर तुमचंच राहील. तुम्ही अर्ज करायचा आणि काकांना जन्मभर राहू देईन असं लिहून द्यायचं. फक्त मग पहिल्या घराचं कर्ज तुम्हाला कधीच नाही.”

“ते तसंही कधी होतं?” ती म्हणाली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याच्याकडे वळता वळता तिनं एवढंच सांगितलं, “पुन्हा येऊ नका. ठरलं तर मी येईन.”

घरी आल्यावर बाईंनी बादलीत कोमट पाणी घेऊन पाय सोडले. यजमान शेजारी स्टूल घेऊन बसले. बाई म्हणाल्या, “एकवीस वर्षं माणसांना घरं मिळवून देते म्हणून सांगत फिरले. एकीचं घर नऊ वर्षं अडवून बसले होते, आणि पत्ता नाही.”

“नियम तू केला नव्हतास.”

“सही मी केली होती.”

यजमानांचा उजवा पाय हलला. पाणी गार झालं तेव्हा त्यांनी उठून गरम पाणी आणून ओतलं.

दहा दिवस गेले. म्हातारा मंगळवारी आला, बसला, गेला. लांब्यानं निवाऱ्याच्या हॉलसाठी कागद तयार करून ठेवला. सील लावायला आठवडा राहिला असताना पुतणी ऑफिसच्या दारात उभी राहिली. रांगेतून नाही, सरळ आत. “मला आधी घर बघायचंय,” ती म्हणाली. “आणि तुम्ही बरोबर या. मी एकटी जाणार नाही.”

बाईंनी समोरचा अर्ज लांब्याकडे सरकवला आणि पर्स उचलली.

म्हातारा दाराबाहेर खुर्ची टाकून बसला होता. दोघींना येताना बघून तो उठला, मग ओळख पटली तसा पुन्हा खाली बसला. आणि तोंडातून तेच निघालं, जणू अकरा वर्षं तेवढंच धरून ठेवलं होतं. “कशाला आलीस?”

“माझं घर बघायला,” पुतणी म्हणाली, आणि त्याच्या खुर्चीला वळसा घालून आत गेली.

पुढची खोली तशी जागेवर होती. मागच्या खोलीत ऊन थेट जमिनीवर पडलं होतं, कारण भिंतच नव्हती. विटा म्हाताऱ्यानं एका बाजूला रचून ठेवल्या होत्या. एका कोपऱ्यात लोखंडी खाट होती, तिच्या डोक्याशी छताला कडी, कडीला जाड दोर आणि दोराला आडवा दांडा बांधलेला. पुतणी त्याच्याकडे बघत राहिली.

“हे काय?”

म्हातारा दारात आला होता. “त्याला धरून उठता यावं म्हणून. इस्पितळात बघितलं होतं, तसं केलं. तरी उचलावं लागायचंच. तू पैसे पाठवायचीस, पण पैसे कुणाला उचलत नाहीत.”

“मला एकदा तरी कळवलंत? एकदा म्हणालात, ये म्हणून?”

म्हातारा खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत राहिला. “दादा नको म्हणायचा,” तो म्हणाला. “म्हणायचा, तिची नोकरी जाईल, तिला कळवायचं नाही. शेवटचे चार दिवस तुझं नाव घेत होता, तेव्हाही नको म्हणायचा. मी ऐकलं त्याचं. मग तू आलीस आणि मला... माझं डोकंच फिरलं. कुणावर तरी फिरायला हवं होतं.”

पुतणी खाटेजवळ गेली. तिनं दोराचा दांडा हातात धरला, ओढून बघितला आणि सोडला.

बाईंनी पर्समधून कागद काढले आणि म्हाताऱ्याला समजावलं. घर पुतणीचं राहणार, तुम्ही जन्मभर राहणार, भिंत आणि छप्पर पालिका करून देणार, फक्त राहणारे म्हणून तुमचीही सही लागेल. म्हातारा ऐकत होता. मग मान हलवायला लागला. “म्हणजे मी तिच्या घरात पाहुणा? या वयात? नको. सील लावा.”

आणि तेव्हा बाई भडकल्या. एकवीस वर्षांत कुणावर आवाज चढवला नव्हता, तो त्या पडक्या खोलीत चढला. “तीन वर्षं! तीन वर्षं दर मंगळवारी येऊन माझ्या डोक्यावर बसलात! एक पत्ता देववला नाही तुमच्याच्यानं. ही इथे आली, हिनं काय काय सोडलंय तुम्हाला माहीत तरी आहे का? आणि तुम्हाला पाहुणा म्हटलेलं चालत नाही! मी दमलेय हो. पाय सुजलेत माझे. करा सही!”

बोळातून दोन बायका डोकावल्या. म्हाताऱ्यानं बाईंकडे बघितलं, पुतणीकडे बघितलं. “पेन द्या,” तो म्हणाला. सही करून झाल्यावर त्यानं आपली खुर्ची आत आणून बाईंपुढे ठेवली. “बसा. उभं राहून बोललात म्हणून दमलात.”

पुतणीनं मग खाटेच्या कडेवर कागद ठेवून सगळ्या सह्या केल्या. बाई खुर्चीत बसून बघत होत्या. त्यांना आनंदबिनंद काही झाला नाही. फक्त कुणी पाणी देईल का, असं वाटत होतं, आणि ते मागायचाही कंटाळा आला होता.

भिंत उभी राहिली, पत्रे बदलले. काम दोन महिन्यांचं, लागले साडेचार. काका-पुतणी एकमेकांच्या गळ्यात पडले वगैरे काही नाही. पुतणी रविवारी दुकान बंद करून ‘आपल्या घराची’ पाहणी करायला यायची आणि नव्या भिंतीत खिडकी कुठे ठेवायची यावरून दोघं हमरीतुमरीवर यायचे. गवंडी कंटाळून तिसऱ्याच ठिकाणी खिडकी ठेवून मोकळा झाला. म्हाताऱ्यानं मंगळवारी यायचं सोडलं. लांब्या दोनतीनदा त्या बाकाकडे बघून म्हणाला, “चुकल्यासारखं होतं हो.”

बाईंनी मात्र या सगळ्यात एक काम अंगावर ओढून घेतलं होतं. त्यांनी दीड पानाची टिपणी लिहिली. वारसानं आलेलं घर, ज्यात अर्जदार राहत नाही आणि राहू शकतही नाही, ते त्याचं स्वतःचं घर धरू नये. साहेबांनी ती वाचली आणि वर लिहिलं, ‘चर्चा करावी.’ चर्चा झाली नाही. बाईंनी पुन्हा पाठवली. ती ‘इतर शहरांचे नियम जोडावेत’ म्हणून परत आली. बाईंनी घरी बसून सहा शहरांचे नियम वाचले, रविवार घालवले. यजमान जेवायला हाका मारून दमायचे. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, तू जाता जाता कशाला नवीन भानगड काढतेस? लोक जाताना टेबल आवरतात.” बाई म्हणाल्या, “आवरतेच आहे.”

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. लांब्याला सांगून जुन्या फाइली काढल्या आणि याच कारणानं किती जणांना नकार गेला ते मोजलं. दहा वर्षांत बहात्तर. प्रत्येकावर त्यांची शेपटीवाली सही. ती यादी त्यांनी टिपणीला जोडली आणि खाली लिहिलं, ‘हे सर्व निर्णय नियमानुसार मी घेतले आहेत.’ साहेब म्हणाले, “हे वाक्य काढा. उगाच तुमच्यावर यायचं.” बाई म्हणाल्या, “असू दे. अडीच महिने राहिलेत. काय येईल ते येऊ दे.” साहेबांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच जरा वेळ बघितलं, आणि टिपणी पालिकेच्या समितीपुढे पाठवली.

समितीपुढे बोलायला बाईंना सात मिनिटं मिळाली. समोर नऊ सदस्य, त्यांतले तिघे फोनमध्ये. एकानं विचारलं, “उद्या सगळेच म्हणतील की आम्ही वडिलांच्या घरात राहू शकत नाही. मग?”

“म्हणतील,” बाई म्हणाल्या. “मग कुणी तरी जाऊन बघून यायचं. आम्ही गेलो नव्हतो.”

ठराव मंजूर झाला, पण फक्त नव्या अर्जांसाठी. जुन्या बहात्तर जणांसाठी काही नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांचं वय आता उलटून गेलं होतं. बाहेरच्या व्हरांड्यात लांब्या नाचायच्या बेतात होता. बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी पुतणीला फोन लावला.

“झालं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला काही उपयोग नाही त्याचा. आधीच सांगते.”

पलीकडून दुकानातला आवाज येत होता. कुणी तरी भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होतं.

“आणखी कुणाला होईल ना?” पुतणीनं विचारलं.

“होईल.”

“बरं झालं मग.” लगेच पुढे म्हणाली, “काका म्हणत होते, बाईंचे पाय फार सुजतात, कुणाला तरी दाखवायला सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणतात, मी सांगितलं तर ओरडतील.”

बाई हसल्या. यावेळी खरंच हसू आलं. “दाखवते म्हणावं.”

“ठेवते हं, गिऱ्हाईक आहे,” ती म्हणाली.

फोन पर्समध्ये टाकून बाई जिन्यानं खाली निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर उद्याच्या अर्जांसाठी आजच कुणी तरी पिशवी ठेवून जागा धरली होती. लांब्या मागून विचारत होता, नव्या नियमाचा फलक कुठे लावायचा. “रांगेतल्यांना उभ्या उभ्या वाचता येईल तिथे,” बाई म्हणाल्या, आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत राहिल्या.